ब्रेकमधली हवा

"मार. मार. मार. अन् आता धर!"

विजयमालानं ब्रेकचं पॅडल तीनदा दाबलं आणि चौथ्यांदा दाबून धरलं. सकाळपासूनची ही कितवी खेप, हे मोजणं तिनं नऊ वाजताच सोडून दिलं होतं. पाय खाली गेला, जातच राहिला, थेट तळाला टेकला. ब्रेक पाहिजे कसा, तर पायाखाली पायरी आल्यासारखा. हा लागत होता भिजल्या कापसाच्या गाठोड्यावर पाय पडल्यासारखा.

"धरलं का?" पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, विचारलं.

"धरलं."

"सोडू नोको हां. म्या सांगल्याबिगर सोडलं तं बाहीरची हवा आत वढल्या जाते." त्यांनी पाना फिरवून हवा सोडायचं निप्पल ढिलं केलं. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीतून पिवळसर ऑइल बाटलीत उतरू लागलं. "आता पाहाय, हे असं नळीतून ऑइल दाबून चाकापर्यंत ताकद नेणं लँचेस्टरच्या टायमाले नव्हतंच. लँचेस्टर म्हंजे कोण, तं बर्मिंगहॅमचा इंजिनियर. एकोणीसशे दोन सालची गोष्ट..."

"अवो, पहिले ते निप्पल बंद करा!"

"करतो ना. दम धर. तं त्यानं काय केलं..."

त्या बर्मिंगहॅमच्या माणसानं जे काय केलं ते करून तो बिचारा निघून गेला. इथं केनवडात, गोठ्यासमोरच्या अंगणात, विजयमालाच्या पोटरीत गोळा आला होता.

"सोड," असा आवाज एकदाचा आला. तिनं पाय उचलला आणि घड्याळ पाहिलं. साडेअकरा. तीन वाजता धनजहून तिची बाई निघणार होती.

बाई म्हणजे लिलाबाई, विजयमालाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा विजयमाला चार वर्षांची होती आणि लिलाबाई चौदाची. चौदाव्या वर्षी त्या पोरीनं कमरेला पदर खोचला, तो धाकटीला उजवेपर्यंत सोडला नाही. तिच्या वेण्या घातल्या, तिच्या केसांतल्या उवा काढल्या, तिला भुलाबाईची गाणी शिकवली, अक्षर गिरवताना तिच्या हातावर हात ठेवला, स्वतःला एक अक्षर येत नसताना. आता बाईचे गुडघे गेले होते. मुलगा हरीओम सुरतेला कापडाच्या मिलमध्ये कामाला. तो आईला कायमचं न्यायला भाड्याची गाडी घेऊन आला होता. शेत बटईनं लावलं, शेळी शेजारणीच्या दावणीला गेली, घराला कुलूप लागायचं तेवढं बाकी. सकाळी त्याची ड्युटी होती. तीन म्हणजे तीन, असं त्यानं फोनवर चारदा बजावलं होतं.

सुरत काही परदेश नाही, असं जो तो म्हणत होता. विजयमालाही म्हणत होती. पण एकीचं वय अठ्ठावन्न, दुसरीचं अडुसष्ट, आणि मध्ये एवढा मुलूख. परत कधी तोंड दिसेल हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

खरं तर ती आत्तापर्यंत धनजला पोचलेली असायची. सकाळी सातच्या एस.टी.साठी ती पिशवी घेऊन सडकेवर उभी होती. गाडी आली, दार उघडलं, कंडक्टरनं "या बाई" म्हटलं, आणि त्याच वेळी मारोतराव हातातला पाना हलवत धावत आले.

"कायले धक्के खात जातं? तीन गाड्या बदला लागतीन. ब्रेकची नुसती हवा काढाची राह्यली. एका घंट्यात गाडी तयार!"

तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. सदतीस वर्षांच्या संसारानंतर, डोळे उघडे ठेवून, भर सडकेवर ठेवला. हे आठवलं की तिला आता स्वतःचाच राग येत होता.

मारोतरावांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग घेतला होता. अर्धा जिल्हा त्यांना अजून सर म्हणत असे. गाडीच्या पोटातलं त्यांना सगळं ठाऊक. मात्र ब्रेक कशाकशानं जाऊ शकतो हे इतकं ठाऊक, की त्यांनी स्वतः कधी तीसच्या वर गाडी नेली नाही. मागून बैलगाडीनं घंटा वाजवावी, असा त्यांचा वेग. म्हणून मग विजयमालाच शिकली आणि आता तीन वर्षं तीच चालवत होती. आणि डिस्क ब्रेक हा तर त्यांचा जीव. कोणाला तुकोबा, कोणाला पत्ते, यांना डिस्क ब्रेक. परवा त्यांनी पुढची दोन्ही चाकं खोलली, चाकातल्या डिस्कला दोन बाजूंनी चिमटा घेणारे ते कॅलिपर काढले, रॉकेलनं न्हाऊ घातले, नवे रबर बसवले आणि काल संध्याकाळी परत लावले. तिथवर ठीक होतं.

"आता परत मागच्या डाव्या चाकापासून घेऊ," मारोतराव उठत म्हणाले. "जे चाक सगळ्यात दूर, त्याची हवा पहिले."

"परत? तीनदा झालं ना ते!"

"पद्धत म्हंजे पद्धत. घाई केली तं हवा राह्यते. ऑइल दबत नाही, विजयमाला, हवा दबते. लाइनीत एक बुडबुडा राह्यला तं पाय त्या बुडबुड्याले दाबते, चाकाले नाही."

हे त्यांनी असं म्हटलं, जणू ती पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी आहे आणि उद्या परीक्षा आहे.

मग मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, पुढचं डावं झालं, पुढचं उजवं झालं. मार, मार, मार, धर. सोड. पुन्हा मार. दळणाची लय बाईच्या हाताखाली शिकलेली विजयमाला. पायाला लय सापडली तसे ओठ आपोआप हलायला लागले:

*पायाखाली दळीते बाई, पीठ काही पडंना*
*वाट धनजची माय, पायी चढंना गं*

"काय म्हणतं?" चाकामागून आवाज आला.

"तुमाले नाई. पाना फिरवा."

एवढ्यात जगदेव आला. जगदेव शेजारी, बांधाला बांध लागून. कोणाच्या अंगणात काही खोललेलं दिसलं की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत.

"नाई झाली का अजून, सर?"

"ऑइलचा दोष दिसते मले," मारोतराव म्हणाले. ही खरी तर कामाची गोष्ट होती. पण ऐकणारा मिळाला म्हटल्यावर ते पाना हातात धरून उभेच राहिले. "कालची गोष्ट अर्धीच राह्यली होती, जगदेव. तं त्या लँचेस्टरनं पॅड लावले तांब्याचे. तांब्याचे! चकतीवर तांबं घासलं तं आवाज कसा निंघन सांग?"

"कर्कश्श," जगदेव आज्ञाधारकपणे म्हणाला.

"माणसं कानावर हात ठेवून पळत. अन् तवाचे रस्ते म्हंजे आपल्या पांदीवानी, निरा धुयमाती. ते तांबं काही टिकेच ना. मंग पाच वर्षांनं दुसऱ्यानं डोकं लावलं, का बाबा, तांब्याच्या जागी अॅस्बेस्टॉस लावा. आवाज बंद! पण तरी लोकायनं ऐकलं का? नाही. सगळे धावले ड्रमच्या मांगं. ड्रम म्हंजे काय, झाकण लावलेला गंज, पातेलं समज. आत तापते, हवा लागत नाही, अन् तापला का ब्रेक ढिला. डिस्क उघडी, वाऱ्यावर, थंडी राह्यते. हे कळाले पन्नास वर्षं गेले, जगदेव! त्रेपन साली फ्रान्समधी चोवीस घंट्याची शर्यत झाली, तठी डिस्कवाल्या गाडीनं सगळ्यायले मांगं टाकलं, तवा कुठी जगाचे डोये उघडले."

"पन्नास वर्षं!" जगदेव हळहळला.

"तुमचंही तसंच दिसते," गाडीतून विजयमाला म्हणाली. "माही बहीण सुरतेत म्हातारी होऊन मरन, तवा तुमचे ब्रेक लागतीन."

जगदेव खाली पाहून हसला. मारोतराव हसले नाहीत. त्यांनी बाटली उचलून उन्हात धरली, ऑइल न्याहाळलं, वासही घेतला. मग जगदेवच्या घरून न उघडलेला डबा आला. ऑइल बदललं. पुन्हा चार चाकं, पुन्हा मार मार मार धर. बाटलीत एक बुडबुडा दिसेना. ऑइल निघत होतं स्वच्छ, काचेसारखं. आणि पाय जात होता तळाला.

बारा वाजून दहा मिनिटं झाली. मारोतरावांनी हात पुसले आणि जे वाक्य कानावर पडू नये असं तिला सकाळपासून वाटत होतं ते बोलले.

"पॅडलमांगचा मास्टर सिलिंडर गेला असन. नवा आणा लागन. आता आज काही..."

विजयमाला गाडीतून उतरली. दार तिनं असं आपटलं की गोठ्यातली गाय उभी राहिली.

"आज काही काय? काय आज काही? म्या एस.टी. सोडली तुमच्यापायी! दार उघडून उभी होती ती माह्यासाठी! एक घंटा म्हणलं तुमी. तिकडं बाई सक्काळपासून दारात बसली असन, हरीओमले म्हणत असन, थांब बाबा, विजू येऊन राह्यली. अन् विजू काय करून राह्यली? विजू तांब्याचे पॅड ऐकून राह्यली!"

"अवो वहिनी," जगदेवनं मध्ये तोंड घातलं, "सरायचं बरोबर हाये, ब्रेकशिवाय कसं..."

"तू चूप रे! तुह्या त्या कानाच्या पायी अर्धा दिवस गेला."

मारोतराव पाना पुसत राहिले. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला ऑइल लागलं होतं. एरवी तिनं पदरानं पुसलं असतं. आज लागू दे म्हणाली मनात.

ती पुढच्या चाकाशी जाऊन बसली. कशासाठी, ते तिला नीट सांगता आलं नसतं. इतके तास ज्याच्यासाठी पाय मोडला ते निदान डोळ्यांनी पाहावं, एवढंच. चाक काढलेलं होतं. चकती उन्हात चकाकत होती, तिच्या अंगाला कॅलिपर बिलगलेला, आणि कॅलिपरच्या अगदी बुडाशी, गाईच्या सडासारखं लोंबतं, ते निप्पल.

बुडाशी.

विजयमालानं मान तिरपी केली. मग उठून दुसऱ्या बाजूला गेली. तिकडेही बुडाशीच.

गेल्या उन्हाळ्यात हळदीच्या वावरात ठिबकची मेन लाइन टाकली तेव्हा हवा सोडायचा व्हॉल्व्ह जगदेवनं उतारावर खाली बसवला होता, वाकलं की हाताशी यावा म्हणून. मोटर चालू केली की पाइप गुरगुरायचा आणि वरच्या सऱ्यांना थेंब जायचा नाही. तीन दिवस हळदीचं बेणं तहानलेलं राहिलं. शेवटी तिनंच तो व्हॉल्व्ह काढला आणि बांधाजवळ, वावराच्या सगळ्यात उंच जागी नेऊन लावला. पाइपानं फुस्स करून सुस्कारा टाकला होता आणि मागोमाग पाणी आलं होतं.

"एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता, आणि त्यानंच मारोतरावांनी चमकून पाहिलं. "ऑइलात हवा असली तं ती वर चढते का खाली उतरते?"

"वर चढते. हे काय विचारणं झालं?"

"मंग तुमचं निप्पल खाली कायले हाये?"

 मारोतराव चाकाजवळ आले, वाकले, चष्मा वर केला, खाली केला. दुसऱ्या चाकाकडे गेले. तिथून परत आले. एकतीस वर्षं ज्यांनी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, त्यांचा चेहरा हळूहळू त्या रेघांच्या रंगाचा झाला.

"डाव्याचं उजव्याले लागलं," ते पुटपुटले. "उजव्याचं डाव्याले. म्हून वरचं खाली."

"कवा?"

उत्तर जगदेवनं दिलं, बिचाऱ्याला कळलंही नाही आपण काय बोलतोय ते. "काल संध्याकाळी, सर! तुमी मले ते तांब्याच्या पॅडचा आवाज काढून दाखवत होते ना, तवाच तं लावले तुमी दोनी!"

 हवा सकाळपासून तिथंच होती, कॅलिपरच्या माथ्याशी आरामात बसलेली, आणि हे तिला बुडातून हाका मारत होते. चार डबे ऑइल ओतलं असतं तरी ती आली नसती.

मग मारोतराव कामाला लागले, आणि विजयमालानं सदतीस वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली. ते एक शब्द बोलले नाहीत. बोल्ट सैल केले, ऑइलची नळी सोडवली, डावा कॅलिपर डावीकडे, उजवा उजवीकडे. जगदेव आपणहून जॅक धरून बसला. निप्पल आता माथ्यावर आलं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं. ती पुन्हा सीटवर बसली. मारोतरावांनी नुसता हात वर केला की ती दाबायची, मूठ मिटली की धरायची. नळीतून बुडबुडे निघाले. एक नव्हे, दोन नव्हे. माळच्या माळ, मग एक मोठा ढेकर, मग पुन्हा माळ. आणि तिच्या पायाखालचं पॅडल बोटबोट वर चढत आलं. घट्ट झालं. पायरी झालं.

तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो पुन्हा रागच. एवढंसं होतं. एवढंसं, आणि दीड वाजला.

"बसा लवकर," ती म्हणाली. "हातबीत गाडीत पुसा."

वाटेतलं मालेगाव मागं गेलं. मारोतराव शेजारी बसून समोर बघत होते. एरवी साठच्या वर काटा गेला की त्यांचा हात दाराच्या कडीला जाई. आज काटा ऐंशीवर होता आणि हात मांडीवर होते. तिनं गावाबाहेर दोनदा ब्रेक मारून पाहिला होता, गाडी जागच्या जागी खिळली होती. त्यावरही ते बोलले नव्हते. शेलूबाजारच्या अलीकडे त्यांना कंठ फुटला.

"माह्यामुळं उशीर झाला तुले."

"झाला," ती म्हणाली. नाही हो, असू द्या, असं म्हणायची जागा होती ती. पण ती म्हणाली नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी हरीओमचा फोन आला. मारोतरावांनी तो तिच्या कानाशी धरला. "मावशी, निंघालो आमी. लय वाट पाह्यली. आता दिवाळीले..." पुढे त्याच्या आवाजावर दुसरा आवाज चढला, फाटका, करडा, ओळखीचा. "दिवाळीले काय? आण इकडं तो फोन! विजे, कुठी हायेस?"

"शेलूबाजार सोडलं, बाई."

"मी वाटेत कारंज्याच्या स्टँडावर बसतो. तू येईपर्यंत उठत नाही. याले काय करायचं ते करू दे."

फोन बंद झाला. विजयमालानं डोळे पुसायला हात उचलला, आणि समोर ट्रॅक्टर आडवा आला म्हणून तो तसाच परत स्टिअरिंगवर ठेवला.

कारंज्याच्या स्टँडवर ती पावणेचारला पोचली. बाकड्यावर, प्रवाशांच्या मधोमध, लिलाबाई दोन्ही हात काठीवर ठेवून बसली होती. समोर हरीओम येरझारा घालत होता, आणि त्याच्यामागे भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता.

"मावशी, दहा मिनिटं," हरीओम म्हणाला. "खरंच सांगतो, दहाच. सकाळी ड्युटी हाये."

लिलाबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. धाकटीला तिनं वरून खालपर्यंत पाहिलं. "हे काय ध्यान? पदराले तेल, केसं उडालेले. दिवसभर काय गाडी ढकलत आली?"

"तसंच समज."

"जेवली?"

"नाई."

"मी पण नाई. तुह्या नावानं भाकर बांधून आणली, ती थंडी होऊन गेली." ती रागात होती. फार रागात होती. रागाशिवाय दुसरं काही बाहेर येऊ दिलं तर या भर स्टँडावर काय होईल, हे दोघींनाही ठाऊक होतं. "कुठी हाये तुही गाडी?"

"ते काय. पांढरी."

"तू चालवत आली? तू सोता?"

"मंग कोण? हे?"

लिलाबाईनं मारोतरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. बाई काठी टेकून उठली. "चाल. बसव मले त्याच्यात."

"आई!" हरीओम कळवळला.

"तुह्या गाडीत बसायचं हाये सुरतपर्यंत. हिच्यात जरा बसतो."

विजयमालानं तिचे गुडघे दोन्ही हातांनी उचलून आत ठेवले, पट्टा ओढून लावला. बाई त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांना बांधून-सावरून ठेवलेल्या बाईला कोणीतरी असं बांधत होतं. मारोतरावांना हरीओमजवळ ठेवून गाडी स्टँडबाहेर पडली. कापसाच्या बाजारावरून, जैन मंदिराच्या गल्लीच्या तोंडाशी, हळूहळू.  बोलायचं इतकं होतं की कशाला हात घालावा ते कळेना. बाईनं पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, ठेच्यात बुडवला, आणि चालवणाऱ्या बहिणीच्या तोंडात दिला. चार वर्षांच्या पोरीला देतात तसा.

तेवढ्यात गल्लीतून एक म्हैस आली, निवांत, रस्त्याच्या मधोमध. विजयमालाचा पाय खाली गेला. गाडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही. म्हशीच्या शिंगापासून हातभर अलीकडे.

लिलाबाईनं दाराची कडी घट्ट धरली होती. तिनं ती सावकाश सोडली.

"थांबते चांगली," ती म्हणाली.

"थांबते."

म्हैस गेली. मागून कोणी हॉर्न वाजवला. पिशवीत फोन वाजायला लागला, हरीओमचाच असणार. विजयमालानं बहिणीकडे पाहिलं. बाई समोर पाहत होती, ठेच्याची बोटं पुसत.

"वळवू?" विजयमालानं विचारलं.

"अठून कायले वळवतं?" लिलाबाई वैतागून म्हणाली. "ते पुढं रस्ता दिसते ना. त्याच्यावरून घे."